आमच्या पाणी संस्थेने सरकारी कर्ज काढलं त्याची गोष्ट

अमेरिकेत शहरात राहणाऱ्याला नळामागे कोण आहे ते कधी कळत नाही, बिल ऑटोपेवर असतं आणि पाणी येत असतं. मलाही कळलं नसतं. पण नवरा डॉक्टर, जे-वन व्हिसावर आलेला, आणि त्या व्हिसाची मायदेशी परतायची अट माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करावी लागते, म्हणून आम्ही मिडवेस्टमधल्या एका खेड्यात येऊन पडलो आणि तीन वर्षं संपून गेली तरी इथेच राहिलो. इथे पाणीपुरवठा नगरपालिका करत नाही. लोकांनीच स्थापन केलेली ना-नफा संस्था आहे, ज्याच्या घराला मीटर तो सभासद, सभासदांनी निवडलेलं पाच जणांचं बोर्ड, आणि पगारी माणसं म्हणजे एक लायसन्सवाला ऑपरेटर आणि अर्धवेळ बिलं काढणारी बाई. मी अकाउंटंट आहे हे कोणाला तरी कळलं आणि खजिनदाराची जागा रिकामीच होती. मानधन शून्य.

मला वाटलेलं महिन्यातून एक मीटिंग, चार चेकवर सह्या, झालं. पण माझ्या डोळ्यादेखत राज्याच्या पर्यावरण खात्याची नोटीस आली, ती टीटीएचएमची. म्हणजे पाण्यात कुजलेल्या पानापाचोळ्याचा जो अंश असतो त्याच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन जी रसायनं तयार होतात ती. ईपीएची, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेची, मर्यादा लिटरला ८० मायक्रोग्रॅम, आणि ती एका दिवसाच्या रीडिंगवर नाही तर त्या त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरीवर बघतात. आमची दोन ठिकाणची सरासरी वर गेली. पाणी जितकं जास्त वेळ पाइपात आणि टाकीत पडून राहील, जितकं उन्हाने तापेल, तितकं हे प्रमाण वाढतं, आणि आमच्याकडे तर शेतातून मैलोन्‌मैल जाऊन शेवटी कुठेच न जोडलेल्या लाइनी, टोकाला एखाददुसरं घर. कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्राहकाला पत्र पाठवावं लागतं की तुमच्या पाण्यात अमुक मर्यादेपेक्षा जास्त आहे. ते पत्र गेल्यावर पुढच्या मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या.

पाइपही जुने. १९६५ साली इथे एकेन-पोग कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला, व्हरमाँटचे सिनेटर जॉर्ज एकेन आणि टेक्सासचे काँग्रेसमन पोग यांच्या नावाचा, आणि त्याच्यामुळे फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाच्या सरकारी संस्थेने खेड्यांना पाण्यासाठी कर्ज आणि अनुदान देण्याचा मोठा सपाटा लावला. आमची पहिली लाइन त्याच लाटेतली. ते कर्ज फिटलं, ती संस्था १९९४ मध्ये बंद होऊन तिचं काम शेतीखात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, रूरल डेव्हलपमेंट विभागाकडे गेलं, पाइप मात्र तेच. उपसलेल्या पाण्यापैकी तिसरा हिस्सा कुठल्याच मीटरवर दिसत नव्हता. ऑपरेटरला कुठला व्हॉल्व फिरवला की तुटतो हे तोंडपाठ होतं आणि नकाशा असा त्याच्या डोक्यातच होता.

आता पैसे कुठून आणायचे. इथे एक सांगते, पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं सरकार "देईल", म्हणजे अनुदान. बोर्डावरचे एक शेतकरी तर ठाम होते की नियम सरकारचा तर खर्चही सरकारचा. तर तसं काही नसतं. पर्याय मुख्यतः तीन निघाले. एक, बँक. गावातली बँक ओळखीची, पण ती १५ वर्षांच्या पुढे जायला तयार नाही. दुसरा, राज्याचा रिव्हॉल्व्हिंग फंड. हा मला हिशेबाची माणूस म्हणून फार आवडला, १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, केंद्र सरकार राज्याला भांडवल देतं, राज्य त्यावर २० टक्के स्वतःचे घालतं, आणि त्यातून दिलेली कर्जं फिटून आली की तोच पैसा पुढच्या गावाला. फिरता पैसा. पण तिथे राज्यभरातल्या प्रकल्पांची गुणांवर यादी लागते, आणि आमच्या वर बऱ्याच जणांचे गुण जास्त होते. (विफिया म्हणून ईपीएचं अजून एक कर्ज आहे, पण तिथे २५ हजार लोकवस्तीच्या आतल्या गावांसाठीसुद्धा प्रकल्प किमान ५० लाख डॉलरचा लागतो आणि कर्ज साधारण निम्म्या खर्चापर्यंतच मिळतं, आमचा तो घास नव्हता.) तिसरा यूएसडीए. १० हजारांपर्यंत वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी, व्याज ठरलेलं, बदलत नाही, मुदत ४० वर्षांपर्यंत.

चाळीस वर्षं ऐकून बोर्डातली निम्मी माणसं हसली, कारण त्यांची वयं. मी एक कागद करून नेला होता. खरे आकडे नको, सोपे करून सांगते. समजा कर्ज २० लाख डॉलर, कनेक्शन ६००. अडीच टक्क्याने ४० वर्षं तर वर्षाचा हप्ता ८० हजारांच्या आसपास, म्हणजे घरटी महिन्याला ११ डॉलर. तेच २० वर्षं तर हप्ता १ लाख २८ हजार, घरटी १८. बँकेचं ६ टक्क्याने १५ वर्षं धरलं तर घरटी २८ च्या वर. पण याची दुसरी बाजू पण त्याच कागदावर होती, ४० वर्षांत व्याज जातं जवळपास १२ लाख आणि २० वर्षांत पावणेसहा लाख. म्हणजे आत्ताच्या म्हाताऱ्यांना स्वस्त आणि एकूण गावाला महाग. माझं मत तेव्हाही ४० च्या बाजूने होतं आणि आजही आहे, कारण पाइप जर पन्नासाच्या वर वर्षं चालणार असेल तर तो वापरणाऱ्या सगळ्या पिढ्यांनी भरावं, आज पेन्शनवर असलेल्या बाईने एकटीने का भरायचं. पण अध्यक्षबाईंना कर्ज म्हटलं की झोप येत नाही, त्या शेवटपर्यंत २० म्हणत राहिल्या आणि मतदानात हरल्या.

यानंतर जे झालं त्यातलं मला सगळ्यात उशिरा कळलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं हे की सरकार कर्ज पाइपाला देत नाही, पाणीपट्टीला देतं. म्हणजे यूएसडीएच्या ऑफिसरने पहिल्या भेटीत टाकीचा फोटो बघितलाच नाही, आमचे दर मागितले, तीन वर्षांचे ताळेबंद मागितले, थकबाकी किती, कनेक्शन तोडता का, शेवटची दरवाढ कधी केली. शेवटची दरवाढ कधी केली याचं उत्तर द्यायला कोणालाच आवडेना. आमच्याकडे दर वाढवायचा नाही हीच बोर्डाची वर्षानुवर्षं फुशारकी होती, आणि त्या फुशारकीचे पैसे पाइपांतून गळत होते. आमच्यासारख्या ना-नफा संस्थेकडे कर वसूल करायचा अधिकार नाही, तारण म्हणजे काय तर मालमत्ता आणि येणारं बिल. तेव्हा बिलात हप्ता बसतो का एवढाच खरा प्रश्न. बाकी सगळे कागद त्या प्रश्नाच्या भोवती.

त्या कागदांतला पहिला इंजिनिअरचा प्राथमिक अहवाल. आणि इथेच आधी कोंबडी की आधी अंडं, कारण अहवालाशिवाय अर्ज नाही आणि अहवालाला पैसे लागतात. अडीच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या, पैशाने तंगलेल्या गावांना या तयारीच्या खर्चासाठी सर्च नावाचं वेगळं अनुदान आहे, त्यातून आमचा बराचसा भाग निघाला. अहवालाचा साचा ठरलेला असतो, नुसतं "पाइप बदला" लिहून चालत नाही, दोन-तीन पर्याय मांडून प्रत्येकाचा बांधायचा अधिक पुढच्या वर्षांत चालवायचा खर्च आजच्या किमतीत आणून दाखवावा लागतो. हे मला फार पटलं. कारण इंजिनिअरला मोठी टाकी हवी होती, गाव वाढेल म्हणे, आणि गाव तर जनगणनेगणिक कमी होतंय. मोठी टाकी म्हणजे पाणी जास्त दिवस पडून राहणार, म्हणजे पुन्हा तीच रसायनं, आम्ही ज्यासाठी रडतोय तेच. ऑपरेटर हे एका वाक्यात बोलला आणि इंजिनिअरने पान उलटलं. शेवटी टाकी तेवढीच ठेवली, आत पाणी ढवळणारा मिक्सर आणि हवा खेळवायची सोय, आणि लोंबकळत्या लाइनींची टोकं एकमेकांना जोडून पाणी फिरतं ठेवायचं. अग्निशमनचे स्वयंसेवक म्हणाले हायड्रंट द्या, हायड्रंटला निदान ६ इंची लाइन लागते, आमच्या बऱ्याच लाइनी त्याहून बारीक. तर गावाच्या मधल्या भागात ६ इंची आणि टोकाला बारीकच, असा तह झाला.

मग पर्यावरणाचा अहवाल. मला वाटलं जुन्या पाइपाशेजारी नवा पाइप, त्यात पर्यावरण कसलं. तर पूरक्षेत्र, पाणथळ जागा, शेतजमीन, पुरातत्त्व, सगळ्या खात्यांना पत्रं. वटवाघळं निघाली. इंडियाना बॅट म्हणून एक संरक्षित जात आहे, उन्हाळ्यात ती सुट्या सालींच्या झाडांमध्ये पिल्लं वाढवते, त्यामुळे झाडं तोडायची तर थंडीतच. आणि जमीन ज्या मूळ जमातींची होती त्यांनाही विचारावं लागतं की इथे तुमचं काही पवित्र, काही पुरलेलं आहे का. त्या जमाती आता इथे नाहीत, त्यांना इथून हाकलून पार ओक्लाहोमात नेलेलं, पत्रं तिकडच्या पत्त्यांवर गेली. एका जमातीचं उत्तर आलं, हरकत नाही, खोदताना काही सापडलं तर काम थांबवून आम्हाला कळवा. सव्वा इंचाचं पत्र असेल. फाइलला लावताना मी ते दोनदा वाचलं, का ते नीट सांगता येणार नाही.

आणखी एक मजेशीर कागद म्हणजे दुसरीकडे कर्ज मिळत नाही याचा दाखला. नियम असा की बाजारात परवडणाऱ्या अटींवर कर्ज मिळत असेल तर सरकार देणार नाही. म्हणजे बँकेत जाऊन सांगायचं, आम्हाला ४० वर्षांसाठी दे, आणि नाही म्हणालास तर तसं लेटरहेडवर लिहून दे. बँकेचा माणूस बिचारा हसत हसत देतो.

आता व्याजदर आणि अनुदान, इथे खरी कसोटी. व्याजाचे तीन दर असतात, दर तिमाहीला बदलतात, सगळ्यात कमी तो गरीब वस्त्यांसाठीचा, मग मधला, मग बाजारभावाचा. तुम्ही कशात बसता हे तुमच्या भागातल्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नावर ठरतं, म्हणजे निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली तो आकडा. राज्याच्या ग्रामीण भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या खाली असाल आणि शिवाय आरोग्याचा प्रश्न असेल तर सगळ्यात कमी व्याज आणि अनुदान ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. ८० ते १०० च्या मध्ये असाल तर मधला दर आणि अनुदान ४५ पर्यंत. "पर्यंत" हा शब्द लोक ऐकत नाहीत, ७५ एवढंच ऐकतात. प्रत्यक्षात आजूबाजूच्या तशाच संस्था जेवढा दर घेतात त्याच्या खाली तुमचा दर यावा म्हणून अनुदान देत नाहीत, आधी दर तिथपर्यंत न्या, त्यातून जेवढं कर्ज झेपतं तेवढं घ्या, आणि मग उरलेल्या खड्ड्याला अनुदान. पुन्हा पाणीपट्टीच.

आमची पंचाईत अशी की जनगणना खात्याच्या आकड्यात आमचं गाव ८० च्या वर दिसत होतं. कारण त्यांच्या सर्वेक्षणाची हद्द आणि आमची पाण्याची हद्द वेगळी, त्यांच्या हद्दीत तळ्याकाठची मोठमोठी घरं येतात, त्यांच्या स्वतःच्या विहिरी, आमचं पाणी ते घेतच नाहीत. अशा वेळी स्वतंत्र उत्पन्न सर्वे करता येतो, पण आम्ही स्वतः नाही करायचा, त्रयस्थ संस्थेने करायचा, उत्तरं गुप्त. आता अमेरिकन खेड्यात माणसाला पगार विचारणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही, आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो, इथे सख्ख्या भावाला माहीत नसतो. पाकिटं परत येईनात. ठरावीक प्रमाणात उत्तरं आली नाहीत तर सर्वेच बाद. शेवटी बिलं काढणाऱ्या बाईने युक्ती केली, चर्चमध्ये, पोस्टात, पशुखाद्याच्या दुकानात, जिथे कोणी भेटेल तिथे एकच वाक्य, तुमचा आकडा मी बघणार नाही पण तुम्ही पाठवला नाहीत तर बिल जास्त येईल. पाकिटं आली. आम्ही ८० च्या खाली निघालो, म्हणजे आपलं गाव कागदोपत्री गरीब ठरलं याचा आनंद आम्ही एका मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून साजरा केला.

दरवाढीची सभा मात्र वाईट झाली. हिशेब रूरल वॉटर असोसिएशनच्या सर्किट रायडरने मांडून दिला होता. ही एक फार कामाची गोष्ट आहे, १९८० पासून यूएसडीएच्या पैशावर ही अनुभवी माणसं गाडी घेऊन खेडोपाडी फिरतात, गळती शोधून देतात, दर ठरवायला मदत करतात, फी नाही. त्याने आधी गळती शोधली, त्यातल्या काही तर कर्जाची वाट न बघता बुजवल्या. तरीही दर वाढवावाच लागणार होता आणि थोडाथोडका नाही. एक आजी उभ्या राहिल्या, म्हणाल्या मी एकटी राहते, महिन्याला हजार गॅलनही वापरत नाही, मला तेवढीच वाढ का? याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. हप्ता हा पाणी कमी वापरलं म्हणून कमी होत नाही, म्हणून तो स्थिर आकारात घालतात, आणि स्थिर आकार गरिबाला आणि एकट्याला जास्त लागतो. आम्ही किमान बिलात येणारं पाणी कमी करून वरचा टप्पा थोडा चढा ठेवला. त्याने गुरं पाळणारे चिडले. म्हणजे कोणीतरी चिडणारच, कोण ते फक्त ठरवायचं असतं. माझ्या आडनावाचा उच्चार त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांनी बरोबर केला.

अर्ज पूर्ण झाल्यावर त्यांच्याकडून अटींचं पत्र येतं, लेटर ऑफ कंडिशन्स. जाडजूड. नवे दर आधी लागू करा, विमा काढा, हिशेब असे ठेवा, आणि पैशाला हात लावणाऱ्या माणसांचा फिडेलिटी बाँड काढा, म्हणजे खजिनदार पैसे घेऊन पळाला तर भरपाई देणारा विमा. माझ्या पळून जाण्याचा विमा मीच कोटेशन मागवून काढला. नवऱ्याला ती रक्कम फारच कमी वाटली.

त्या पत्रात एक ओळ होती, सर्व जमिनीचे हक्क वकिलाने प्रमाणित करावेत. या एका ओळीने आम्हाला पर्यावरण, सर्वे, सभा या सगळ्यांपेक्षा जास्त पिडलं. साठच्या दशकात पाइप टाकले ते शेजारधर्मावर, शेतकरी म्हणाला टाक, टाकला. कागद काहींचे झाले, काहींचे झाले नाहीत, काहींचे झाले पण सरकारी दफ्तरात नोंदले नाहीत. आता ती शेतं नातवंडांच्या नावावर, त्यातला एक भाऊ अ‍ॅरिझोनात, एक बहीण कोणाशीच बोलत नाही. आणि नवीन लाइन जुनीच्या बाजूने जाणार तर नव्याने हक्कपत्र हवंच. मी आणि अध्यक्षबाई गाडीतून फिरायचो, त्या पिढीजात इथल्या, प्रत्येक घराची भांडणं त्यांना माहीत, कोणाच्या दारात आधी गव्हाबद्दल बोलायचं आणि कोणाच्या दारात सरळ मुद्द्यावर यायचं हे त्या गाडीतच सांगायच्या. बहुतेकांनी सही केली, पैसेही मागितले नाहीत. एक मात्र अडला. त्याचं म्हणणं, माझ्या बापाने जमीन दिली आणि तुमच्या माणसांनी खणून ड्रेनेजची टाइल फोडली, कोणी बघायलाही आलं नाही. ही टाइल म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी काढणारी जमिनीखालची नळी, ती फुटली की तो पट्टा चिबडतो. तक्रार माझ्या जन्माआधीची. ऑपरेटरने जाऊन ती जागा बघितली, फुटलेली नळी खरंच होती, ती दुरुस्त करून देण्याचं लेखी दिलं आणि मग सही झाली. वकिलाने त्या सगळ्या कागदांवर जे बिल लावलं ते प्रकल्पाच्या खर्चात धरता येतं हे माहीत नसेल तर माहीत करून घ्या, आणि आधीपासून अंदाजपत्रकात घाला.

व्याजाच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. मंजुरीच्या दिवशीचा दर आणि कर्जाचे कागद होतात त्या दिवशीचा दर, यातला जो कमी तो मिळतो. त्यामुळे मधल्या काळात व्याज वाढलं तरी आमच्या पोटात गोळा आला नाही. गोळा आला तो टेंडर उघडल्यावर. सगळ्यात कमी बोलीसुद्धा अंदाजाच्या वर. लोखंड-पोलाद अमेरिकेतच बनलेलं हवं ही अट, प्रत्येक व्हॉल्वचं, प्रत्येक हायड्रंटचं कारखान्याचं प्रमाणपत्र, आणि वर बाजारात पाइपांची टंचाई. अंदाजपत्रकातले आकस्मिक खर्चाचे १० टक्के तिथेच संपले असते. मग काही लाइनी "पैसे उरले तर" या यादीत ढकलल्या आणि त्याप्रमाणे करार केला. ज्या रस्त्यावरच्या लाइनी ढकलल्या तिथले लोक बिल तेवढंच भरतात आणि त्यांचं पाणी जुन्याच पाइपातून येतं, हे बरोबर झालं नाही असं मला वाटतं, पण दुसरा मार्ग दिसला नाही.

बांधकाम सुरू असताना सरकारी पैसा लगेच येत नाही हेही बाहेरच्यांना माहीत नसतं. ५ लाख डॉलरच्या वरचं कर्ज असेल आणि बँक रास्त व्याजाने द्यायला तयार असेल तर बांधकामापुरतं बँकेकडून घ्यायचं, आणि नंतर सरकारी कर्जाच्या पैशाने बँक फेडायची. म्हणजे ज्याने "नाही" लिहून दिलं होतं त्याच बँकेत पुन्हा. या वेळी ती आनंदाने तयार, कारण मागे सरकारचं मंजुरीपत्र. दर महिन्याला कंत्राटदाराचं बिल, इंजिनिअरची सही, बोर्डाची मंजुरी, यूएसडीएची मंजुरी, मग पैसे, आणि प्रत्येक बिलातून थोडी रक्कम काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवायची. कर्जाचा पैसा आधी संपवायचा, अनुदान सगळ्यात शेवटी. हा क्रम मुद्दाम आहे, काम स्वस्तात झालं तर वाचतं ते सरकारचं अनुदान, तुमचं कर्ज नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. नंतर त्यांच्या जागी बसून विचार केला तर मीही तेच केलं असतं.

काम झालं. टीटीएचएम पहिल्या उन्हाळ्यात लगेच नाही उतरलं, सरासरी वर्षाची असल्यामुळे जुनी वाईट रीडिंग हळूहळू बाहेर पडावी लागतात. उतरलं तेव्हा पुन्हा सगळ्यांना कळवलं, त्या मीटिंगला मात्र आम्ही पाचच.

हप्ता आता खात्यातून आपोआप जातो. त्याशिवाय वर्षाच्या हप्त्याचा दहावा भाग दरवर्षी वेगळा ठेवायचा, दहा वर्षांत एक पूर्ण हप्ता शिलकीत जमला पाहिजे. आणि पंप, मीटर असल्या लवकर झिजणाऱ्या वस्तूंसाठी आणखी एक राखीव. बोर्डावर नवीन आलेल्या एकाने विचारलंच, एवढे पैसे पडून आहेत तर दर कमी करू या का. त्याला मी राखीव निधीचं ते पान दिलं वाचायला.

या कर्जाचा एक फायदा आम्हाला अर्ज करताना माहीतच नव्हता. कायद्यात कलम १९२६(बी) म्हणून आहे, जोपर्यंत संस्थेच्या डोक्यावर हे सरकारी कर्ज आहे तोपर्यंत ती जिथे पाणी देते तो भाग शेजारच्या शहराने हद्दवाढ केली तरी हिसकावून घेता येत नाही. कारण उघड आहे, ग्राहक गेले तर हप्ता कोण भरणार. हमरस्त्यालगत नवी वसाहत होतेय, चांगली घरं, चांगली बिलं, आणि शेजारच्या शहराची त्यावर नजर होती. आमच्या वकिलाने एक पानी पत्र पाठवलं आणि विषय थांबला. अध्यक्षबाईंना कर्ज पहिल्यांदा आवडलं ते त्या दिवशी.

उलट बाजूची अटही आहे. तुमची परिस्थिती सुधारली आणि बाजारात परवडेल असं कर्ज मिळायला लागलं तर सरकारी कर्ज फेडून तिकडे जायचं, आणि ते अधूनमधून तपासतात. परवा त्यासाठीच पत्र आलं, म्हणून पुन्हा बँकेत गेले. ती म्हणाली, पंधरा वर्षं, त्याच्यापुढे नाही. म्हटलं लेटरहेडवर लिहून दे.